हलतंय म्हणजे पोहतंय असं नाही: शेवाळ आणि बॅक्टेरियाचं पोहणं बघायला, मोजायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी फोंड्याची, फिजिक्सवाली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला सूक्ष्मजीवांचं पोहणं हा विषय घेतला तेव्हा माझं बायोलॉजी दहावीनंतर सुटलेलं होतं आणि बायोवाल्या मैत्रिणींना रेनॉल्ड्स नंबर हे प्रकरण माहीत नव्हतं, म्हणजे विचारायचं कुणाला तेच कळेना. पहिला दीड महिना फुकट गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितेय. प्रोजेक्ट असो, शाळेचं विज्ञान प्रदर्शन असो की नुसती हौस, क्रम हाच ठेवा, विशेषतः ५ नंबरची पायरी गाळू नका.

१. आधी आपलं पोहणं विसरा

विहिरीत एक हात मारला की आपण थोडं पुढे घसरत जातो ना, ते घसरणं जडत्वामुळे. सूक्ष्मजीवांच्या नशिबात ते नाही. जडत्व किती आणि पाण्याचा चिकटपणा किती ह्याचं गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स नंबर, आणि तो काढायला सोपा आहे: लांबी गुणिले वेग, भागिले पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे सेकंदाला चौरस मीटरचा दहा लाखावा भाग. माणूस पोहतो तेव्हा हा आकडा लाखांत जातो. पॅरामिशियम नावाचा तळ्यातला एकपेशीय जीव (लांबी ०.२ मिमी, वेग सेकंदाला १ मिमी धरला तर) ०.२, क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ ०.००१, आणि ई. कोलाय बॅक्टेरिया तर ०.००००६ च्या आसपास.

म्हणजे त्यांच्यासाठी पाणी हे काकवीहूनही वाईट. एडवर्ड पर्सेल ह्या नोबेलवाल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ च्या एका भाषणात हिशोब करून दाखवला होता की बॅक्टेरियाने शेपटी फिरवायची बंद केली तर तो साधारण ०.१ अँगस्ट्रॉम एवढं अंतर जाऊन थांबतो. एक अणूसुद्धा ह्यापेक्षा मोठा. थांबतो म्हणजे जागच्या जागी, लगेच.

ह्यातून एक गंमत निघते. स्कॅलप घ्या, आपल्या तिसऱ्यांसारखाच दोन शिंपल्यांचा समुद्री जीव. शिंपली हळू उघडायची आणि पटकन मिटायची, की समुद्रात ती पुढे सरकेल. पण तीच शिंपली एक मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग) केली तर उघडताना जेवढी मागे जाईल तेवढीच मिटताना पुढे येईल, हळू की पटकन ह्याने काही फरक पडत नाही, एकूण प्रगती शून्य. जी हालचाल उलट चालवली तरी तशीच दिसते तिने ह्या दुनियेत कुठेही जाता येत नाही. म्हणून बॅक्टेरिया स्क्रूसारखी शेपटी गोल फिरवतात, आणि क्लॅमिडोमोनास पुढच्या दोन शेपट्यांनी ब्रेस्टस्ट्रोक मारतं, पण मागे ओढताना शेपटी ताठ आणि पुढे आणताना अंगालगत वळवून, म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा. (शेपटीला पुस्तकात कशाभिका म्हणतात, लॅबमध्ये सगळे फ्लॅजेला म्हणतात, मी शेपटीच म्हणणार.)

विश्वास बसत नसेल तर केमिस्टकडून ग्लिसरीनची मोठी बाटली आणा. रुंद काचेच्या ग्लासात बारीक ग्लास मधोमध ठेवून मधल्या फटीत ग्लिसरीन भरा, त्यात रंगाचा एक थेंब सोडा आणि आतला ग्लास हळू तीन फेरे फिरवा. रंग पसरून नाहीसा होतो. आता तसेच तीन फेरे उलटे. थेंब परत गोळा होतो! मी हे घरी केलं तेव्हा आमची आजी दोनदा करायला लावून मग म्हणाली की भानामती आहे. रंग आधी थोड्या ग्लिसरीनमध्येच कालवून घ्या, पाण्यातला रंग टाकला तर तो वर तरंगत बसतो.

२. सामान

- मायक्रोस्कोप, १०एक्स आणि ४०एक्स ऑब्जेक्टिव्हचा. शाळा-कॉलेजातला चालतो. हौसेसाठी फोल्डस्कोप (मनू प्रकाश ह्यांच्या स्टॅनफर्डच्या लॅबमधून निघालेला कागदी मायक्रोस्कोप, १४० पट मोठं दाखवतो) पॅरामिशियम आणि व्हॉल्व्हॉक्स (गोळ्यासारखं हिरवं शेवाळ) ह्यांच्यासाठी छान, बॅक्टेरियाचं पोहणं मात्र त्यात बघायला जाऊ नका
- स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर
- व्हॅसलीन आणि साधी सेलोटेप
- स्टेज मायक्रोमीटर (१ मिमीचे १०० भाग केलेली काच). कॉलेजकडे असतोच, कपाटात कुठेतरी, मागून घ्या
- फोन, आणि तो आयपीसवर घट्ट बसवायचा होल्डर
- बॅटरीवर चालणारा दिवा
- लाल जिलेटीन पेपर, भेटवस्तूंना गुंडाळतात तो
- थोडं दूध, टिंक्चर आयोडीन, ब्लीच
- लॅपटॉपवर फिजी सॉफ्टवेअर (फोटो-व्हिडिओवरून मोजमाप करायचं), फुकट आहे
- परमिशनचा कागद. मंदिराची तळी, खाजगी शेत, मिठागर कुठूनही पाणी घेण्याआधी विचारायचं. कुणी नाही म्हणत नाही, पण न विचारता बाटल्या भरताना दिसलात तर पन्नास प्रश्न येतात. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय नकोच

३. पाणी कुठलं आणायचं

ह्या बाबतीत आपण गोवेकर नशीबवान. गोडं, मचूळ, खारं, अतिखारं सगळं तासाभराच्या अंतरात.

गोड्या पाण्याला साचलेलं तळं किंवा वायंगणाचं (पावसाळ्यानंतरच्या भाताचं) शेत बेस्ट. खत पडलेलं, उन्हात हिरवट झालेलं पाणी बघा. भर पावसातलं आणू नका, नुसती माती येते, चवथ झाली की पाणी निवळायला लागतं तेव्हा जा. शेतात उतरताना गमबूट घाला आणि पायाला जखम असेल तर उतरूच नका, लेप्टोचा धोका खरा आहे. आणि विषयाला धरूनच सांगते, हा लेप्टोस्पायरा स्वतः ह्या खेळातला उस्ताद आहे: त्याच्या शेपट्या बाहेर नसून पेशीच्या आवरणाच्या आत असतात, आणि त्या आतून फिरल्या की सगळं अंगच स्क्रूसारखं फिरतं. पण त्याला पुस्तकातच भेटा.

मिठागर हवं असेल तर रायबंदरच्या रस्त्यालगत किंवा पेडण्यात आगरवाड्याला, आगर चालू असताना, म्हणजे उन्हाळ्यात. जास्त खारट वाफ्यात ड्युनालिएला मिळू शकतं, क्लॅमिडोमोनाससारखंच दोन शेपट्यांचं, पण त्याला कडक पेशीभित्तिका नाही. ट्रॅप इथेच आहे. स्लाइडवर गर्दी झाली म्हणून मी त्यात नळाचं पाणी घातलं आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक पेशी फुगून फुटली. पातळ करायचंच तर त्याच वाफ्याच्या गाळलेल्या पाण्याने.

बॅक्टेरियासाठी ई. कोलाय वगैरे घरी वाढवायच्या भानगडीत पडू नका, ते काम लॅबमध्ये आणि माहितगाराच्या देखरेखीखाली. घरी मूठभर भाताचा पेंढा पाण्यात उकळा, थंड करा, त्यात चमचाभर तळ्याचं पाणी घाला आणि वर फडका टाकून ठेवून द्या. दोन-तीन दिवसांत बॅक्टेरियाने पाणी धुरकट होतं, आणि आठवड्याभरात त्यांना खाणारे पॅरामिशियम आणि त्यांचे भाऊबंद येतात. वास येतो. बाटलीवर जागा, तारीख आणि "फेकू नये" असं मोठ्या अक्षरात लिहा, माझी पहिली बाटली चवथीच्या साफसफाईत मोरीत गेली.

नळाचं पाणी वापरायचं तर रात्रभर उघडं ठेवून, क्लोरीन उडू दे. विहिरीचं असेल तर प्रश्नच नाही.

४. स्लाइड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. थेंबावर नुसती कव्हरस्लिप टाकली तर दोन काचांमधली जागा इतकी कमी राहते की पॅरामिशियम चेपून बसतं आणि बाकीचे काचेला घासत पोहतात. म्हणून स्लाइडवर दोन बाजूंना सेलोटेपच्या पट्ट्या लावा (एक थर साधारण ५० मायक्रॉन), मधे थेंब, वर कव्हरस्लिप. मोठ्यांसाठी दोन-तीन थर.

मग चारही कडा व्हॅसलीनने बंद. चारही! एक कड उघडी राहिली की पाणी तिथून सुकतं आणि आतलं सगळं पाणी त्या दिशेला वाहायला लागतं, त्यासोबत तुमचे प्राणीही, आणि तुम्हाला वाटतं काय शिस्तीत पोहताहेत. ओळखायची खूण: कचरा, मेलेल्या पेशी, सगळेच एका दिशेने एकाच वेगाने निघाले असतील तर ते वाहताहेत. पोहणारे एकमेकांचे रस्ते कापत जातात.

फोकस दोन काचांच्या मधोमध ठेवा. काचेजवळ बॅक्टेरिया सरळ न जाता गोल गोल फिरतात, कारण शेपटी एका दिशेने फिरते तेव्हा अंग उलट्या दिशेने फिरतं आणि काचेजवळ ह्या दोन फिरण्यांना मिळणारा विरोध त्यांना वळवत ठेवतो. बघायला मजा येते, पण तो वेग आणि तो मार्ग मोकळ्या पाण्यातला म्हणून लिहू नका.

५. दुधाची टेस्ट

आता माझी फजिती. पेंढ्याच्या पाण्यात ४०एक्सखाली मला शेकडो ठिपके थरथरताना दिसले. अकरा दिवस मी त्यांचे व्हिडिओ काढले, एक्सेल भरलं, ग्राफ काढले आणि सरांना दाखवायला नेले. सरांनी दोन मिनिटं आयपीसमधून बघितलं, काही बोलले नाहीत, आणि म्हणाले, "कँटीनमधून थोडं दूध घेऊन ये."

मला वाटलं चहा करणार.

त्यांनी दुधाचा एक थेंब कपभर पाण्यात टाकला, त्यातलं स्लाइडवर घेतलं, फोकस लावला आणि खुर्ची सरकवून मला बसायला सांगितलं. तेच. अगदी तेच थरथरणं. "बघ, दूधसुद्धा पोहायला लागलं," सर म्हणाले, आणि माझे अकरा दिवसांचे ग्राफ परत फाइलमध्ये घालून दिले.

ते दुधातल्या चरबीचे गोळे होते आणि ती ब्राउनियन गती होती, रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या बारीक कणांत बघितलेली. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडकतात म्हणून बारीक कण थरथरतो, त्याला जीव लागत नाही. म्हणून दर नव्या जागी, दर नव्या मायक्रोस्कोपवर आधी दुधाची स्लाइड बघा. डोळ्याला "न पोहणं" कसं दिसतं ते कळलं की पोहणं लगेच ओळखू येतं.

आकड्यांत सांगायचं तर १ मायक्रॉन जाडीचा कण पाण्यात एका सेकंदात सरासरी सव्वा मायक्रॉनच्या आसपास भरकटतो, आणि दहापट अंतर भरकटायला त्याला शंभरपट वेळ लागतो. ई. कोलाय एका सेकंदात २० ते ३० मायक्रॉन जातो. एवढा फरक असताना मी अकरा दिवस फसले, कारण मी अंतर न मोजता नुसती "हालचाल" बघत होते.

दुसरी खात्री: त्याच नमुन्यात आयोडीनचा बारीक थेंब घालून सगळ्यांना मारा आणि परत बघा. जे थांबलं ते पोहत होतं. शिवाय आयोडीनने शेवाळाच्या शेपट्या थोड्या रंगतात आणि डायफ्रॅम बारीक केला तर अंधुक दिसतातही.

६. कोण कसं पोहतं

बॅक्टेरिया: पेंढ्याच्या पाण्यातले नेमके कुठले ते मायक्रोस्कोपखाली सांगता येत नाही, तेव्हा रिपोर्टात छातीठोकपणे ई. कोलाय लिहू नका. पण चाल बघा. ई. कोलाय साधारण सेकंदभर सरळ धावतो, मग सेकंदाचा दहावा भाग कोलांटी मारतो, आणि भलत्याच दिशेला परत धावतो. शेपट्यांच्या मुळाशी असलेल्या मोटरी घड्याळाच्या उलट फिरल्या की शेपट्यांची एक जुडी होते आणि तो धावतो, एखादी मोटर सुलट फिरली की जुडी सुटते. हे १९७२ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन ह्यांनी एकेका बॅक्टेरियाचा पाठलाग करणारा मायक्रोस्कोप बनवून मोजलं. त्याला दिशा ठरवता येत नाही, पण खाणं वाढत असेल तर तो कोलांटी पुढे ढकलतो, एवढ्याच अकलेवर तो गोडाच्या जवळ पोचतो. म्हापशाच्या बाजारात वासावरून चणे-शेंगदाण्याची गाडी शोधणारा माणूस ह्याहून वेगळं काही करत नाही.

क्लॅमिडोमोनास: साधारण १० मायक्रॉन, हिरवं, सेकंदाला १०० मायक्रॉनच्या घरात. स्वतःभोवती फिरत, जरा हिसके देत जातं.

युग्लिना: लांबट हिरवं, लाल ठिपका, एकच लांब शेपटी. कधीकधी पोहणं सोडून अंग आकसत-फुगवत सरपटतं.

पॅरामिशियम: चपलेच्या तळव्यासारखं, अंगभर केस, सेकंदाला मिलिमीटरभर. अडथळ्याला धडकलं की मागे येतं, वळतं, परत पुढे. १०एक्सच वापरा, ४०एक्सखाली ते आलं आणि गेलं. फार पळत असेल तर कापसाचे दोन-चार धागे थेंबात टाका, त्यांच्या जाळीत सापडतं. मोजताना मात्र धागे नकोत.

व्हॉल्व्हॉक्स मिळालं तर पार्टी द्या. नुसत्या डोळ्यांना हिरवा ठिपका, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर गडगडत जाणारा काचेचा गोळा.

आणि बेतालभाटीच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा बघून मला बरेच जण विचारतात की ते पण पोहतात का. त्यातला नोक्टिल्युका जवळजवळ पोहतच नाही, तो तरंगतो. तो वेगळा विषय.

७. मोजमाप

आधी स्केल. आयपीसवर १८ असा आकडा असेल (फील्ड नंबर) तर त्याला ऑब्जेक्टिव्हने भागा: १०एक्सला १.८ मिमी, ४०एक्सला ०.४५ मिमी एवढं गोल दिसतं. अंदाजाला हे पुरतं. ४०एक्सखाली आरपार जायला एखाद्याला चार-पाच सेकंद लागले तर वेग १०० मायक्रॉनच्या आसपास, कॅल्क्युलेटरही नको. पण फोनवर व्हिडिओ घेणार असाल तर त्याच झूमवर, त्याच होल्डरवर स्टेज मायक्रोमीटरचा फोटो आधी काढा. मधेच दोन बोटांनी झूम केलं की स्केल मेलं.

आता फोनचे ट्रॅप, हे मला कुणी सांगितले नव्हते:

स्लो मोशन २४० फ्रेमला शूट होतं, पण फाइल बऱ्याचदा ३० फ्रेमने चालते. सॉफ्टवेअर ३० धरून वेग काढतं, म्हणजे आठपट कमी. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये क्लॅमिडोमोनासचा वेग सेकंदाला साडेबारा मायक्रॉन होता आणि मी त्यावर "आजारी कल्चर" असं अर्धं पान स्पष्टीकरणही लिहिलं होतं.

क्लॅमिडोमोनासच्या शेपट्या सेकंदाला ५० च्या आसपास फटके मारतात. ३० फ्रेममध्ये ते सेकंदाला १० आणि तेही उलटे दिसतील, सिनेमात बैलगाडीचं चाक मागे फिरताना दिसतं तसं. फटके मोजायचे तर २४० च हवं. वेग मोजायला ३० पुरे.

मेन्सवरचे बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ झेब्रासारखा येतो. म्हणून बॅटरीचा दिवा.

फिजी फोनची एमपी४ फाइल बहुतेक वेळा थेट उघडत नाही. आधी तिचं अनकॉम्प्रेस्ड एव्हीआय करून घ्या, फक्त दहा-दहा सेकंदांचे तुकडे, नाहीतर लॅपटॉप गार पडतो. मग फिजीमधलं ट्रॅकमेट एकेक ठिपक्याचा मार्ग काढून देतं. दोन ठिपके जवळून गेले की ते त्यांची अदलाबदल करतं, तेव्हा निदान वीस मार्ग डोळ्यांनी तपासा.

सरासरी वेग काढून थांबू नका. प्रत्येक वेळेच्या अंतरासाठी विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काढा आणि लॉग-लॉग ग्राफवर टाका. उतार २ आला तर सरळ पोहणं, १ आला तर भरकटणं. धावणाऱ्या बॅक्टेरियाचा उतार कमी वेळेला २ आणि जास्त वेळेला १ कडे वळतो, कारण कोलांट्या मारून मारून शेवटी तोही भरकटतच असतो, फक्त दुधाच्या गोळ्यापेक्षा शेकडो पट जोरात. माझ्या अख्ख्या प्रोजेक्टमधला हा एक ग्राफ सरांनी स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला.

८. उजेडाचे खेळ

हिरव्या पाण्याच्या बाटलीला काळा कागद गुंडाळा, एक बारीक फट ठेवा, खिडकीत ठेवा. अर्ध्या-एक तासाने कागद काढा, फटीच्या जागी हिरवी रेघ. तिथूनच ड्रॉपरने उचला, दाट नमुना फुकटात. उजेड फार प्रखर असेल तर ते उलट दिशेला पळतात, थेट उन्हात ठेवू नका.

ह्याचा अर्थ मायक्रोस्कोपचा दिवासुद्धा त्यांना हाकतो. क्लॅमिडोमोनासला निळा-हिरवा उजेड दिसतो, लाल जवळजवळ नाही, म्हणून दिव्यावर लाल जिलेटीन पेपर लावून शूट करा. माझ्या वेगाच्या आकड्यांतला अर्धा गोंधळ एका कागदाने गेला.

दाट नमुना मिळाला की पेट्री डिशमध्ये ५ मिमी खोल ओता आणि हात न लावता बघा. मिनिटा-दोन मिनिटांत हिरव्या ठिपक्यांची जाळी दिसायला लागते. ह्या पेशी पाण्यापेक्षा साधारण ५ टक्के जड, तरी पोहत वर जातात, वर गर्दी झाली की तो थर जड होऊन धारांनी खाली कोसळतो, आणि खालून परत वर. काही दिसलं नाही तर नमुना अजून दाट करा.

९. जमलं तर: चुंबक

खारफुटीतला चिखल आणि तिथलंच पाणी बरणीत घालून दोन-तीन आठवडे अंधाऱ्या जागी ठेवा. मग चिखलाच्या जरा वर, काचेला बाहेरून चुंबकाचं दक्षिण टोक चिकटवा, तासाभराने तिथलं पाणी ड्रॉपरने घ्या. काही बॅक्टेरियांच्या पोटात मॅग्नेटाइटच्या कणांची माळ असते, रिचर्ड ब्लेकमोर ह्यांनी १९७५ मध्ये ह्यांच्यावर लिहिलं, आणि आपल्या उत्तर गोलार्धात त्यातले बहुतेक होकायंत्राच्या उत्तर टोकासारखे वागतात. तो थेंब स्लाइडवर घेऊन शेजारी चुंबक ठेवा, नशीब असेल तर थेंबाच्या एका कडेला गर्दी दिसेल. चुंबक उलटा करा, गर्दी दुसऱ्या कडेला निघाली पाहिजे. मेलेले नुसते वळतात, जात नाहीत. मला चौथ्या बरणीत मिळाले.

१०. आवरताना

वापरलेलं पाणी, स्लाइड सगळं अर्धा तास ब्लीचमध्ये, मग मोरीत. हात साबणाने, आणि ज्या फोनने शूट केलं तोही पुसून. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पेंढ्याच्या पाण्याच्या हातांनी बटाटवडा खाल्ला, पुढचं सांगत नाही.

आणि मायक्रोस्कोप पावसाळ्यात तसाच कपाटात ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत जून ते सप्टेंबरात लेन्सवर बुरशीची जाळी येते आणि ती काचेवरचं कोटिंग खाते, पुसून जात नाही. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, जेलचे खडे दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर तापवून घ्या. त्या तव्यावर परत पोळ्या करू नका, आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता.